फुटलेल्या टायरचा धनी कोण?

महामार्गावर एखादी मालमोटार उलटली, किंवा दुभाजक ओलांडून समोरच्या वाहनावर आदळली, की पंचनाम्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक कारण ठरल्यासारखे येते: टायर फुटला. एवढे सांगितले म्हणजे सारे सांगून झाले, असा सर्वांचा समज होतो. मालक सुटतो, माल भरून देणारा व्यापारी तर चित्रातही येत नाही, आणि लोकक्षोभाचे खापर फुटते ते नवे रबर चढवून पुन्हा वापरात आणलेल्या टायरवर, ज्याला आपल्याकडे 'रिमोल्ड' म्हणतात त्याच्यावर. असे टायर सरसकट बंद करा, ही मागणी त्यातूनच निघते. ही मागणी समजण्यासारखी आहे; परंतु रोगाचे निदान होण्यापूर्वीच ती शस्त्रक्रिया सुचवते, असे आमचे मत आहे.

टायर फुटल्याचे कारण आपण किती सहज स्वीकारतो, याचे उदाहरण ताजे आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजानजीक एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले आणि तेच प्रथम सर्वत्र प्रसिद्ध झाले. पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र तसा पुरावा आढळत नसल्याचे नमूद झाले. ते वाहन बस होते, मालमोटार नव्हे. पण धडा दोहोंना सारखाच लागू आहे. टायर मुका असतो. त्याच्यावर आरोप करणे सोपे, आणि त्याने उलट उत्तर देण्याची भीती नाही.

मुळात पुनःस्तरण ही काही लबाडी नव्हे. टायरचा वरचा थर झिजला तरी आतला सांगाडा पुष्कळदा धड असतो. तो नीट तपासून, जुना थर खरवडून, त्यावर नवा थर चढवून उष्णता व दाब देऊन तो एकजीव केला, तर टायर पुन्हा चाकरीस लागतो, आणि तोही नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात. आपल्या एस.टी. महामंडळाने पुनःस्तरणाचे स्वतःचे कारखाने चालवले आहेत. विमानांचे टायरही कित्येकदा पुनःस्तरित असतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. जी वस्तू आकाशातून उतरणाऱ्या विमानाचा भार झेलू शकते, ती जात्याच धोकादायक कशी म्हणता येईल?

रस्त्यावर पडलेली रबराची सालपटे पाहून, ही सारी रिमोल्डचीच, असे आपण म्हणतो. अमेरिकेत अशी सालपटे गोळा करून त्यांची शास्त्रीय तपासणी झाली आणि तिचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. नव्या व पुनःस्तरित टायरांचे रस्त्यावरील वापरात जे प्रमाण, साधारण तेच या तुकड्यांतही आढळले. नाशाची प्रमुख कारणे होती रस्त्यावरील वस्तूंचे घाव आणि अतिरिक्त उष्णता.

ही उष्णता येते कोठून? वैशाखातल्या उन्हाचा तिच्यात वाटा आहेच, पण तो एकमेव नाही. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, वाकतो, आणि आतून तापत जातो. त्यावर मर्यादेबाहेरचा भार पडला म्हणजे रबर आणि आतील तारा यांची पकड सुटू लागते. जोडचाकांतील आतला टायर तर सहज दिसतही नाही. त्याची हवा गेली तरी शेजारचा टायर दोघांचे ओझे मुकाट्याने वाहत असतो, आणि तोच अखेर फुटतो. क्लीनर टामीने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेतो, पण मोजयंत्राचे काम त्याने भागत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. ही सवलत मिळाल्यावर तरी जादा भार थांबावा, अशी अपेक्षा गैर नव्हती. पण वाढीव मर्यादेच्याही वर माल चढवण्याचा मोह सुटलेला नाही.

तथापि रिमोल्ड निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. चांगला कारखाना आणि रस्त्याकडेची शेड यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ज्याचा सांगाडा आधीच फाटलेला, ज्याच्यावर किती वेळा रबर चढले याचा कोठे पत्ता नाही, असा टायर वरून काळाभोर व नवा दिसतो. त्याचा खरा धोका या नवेपणातच आहे. नव्या टायरवर निर्मात्याचे नाव व निर्मितीचा आठवडा कोरलेला असतो. रिमोल्डवर रबर चढवणाऱ्याचे नाव असतेच असे नाही. नाव नाही, म्हणून जबाबदारी नाही.

आपले कायदेही येथे अपुरे पडतात. १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार ट्रकच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. पण हे पाहायचे कोणी आणि केव्हा? योग्यता प्रमाणपत्रासाठी वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे वर्षातून एकदा तपासले जाते. तेवढ्या अवधीत टायर झिजून गोटा होतो. शिवाय तपासणीपुरते चांगले टायर चढवून नेण्याची युक्ती या व्यवसायात कोणास नवी नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, पुनःस्तरण करणाऱ्याचे नाव व तारीख प्रत्येक टायरवर पक्की उमटवण्याची सक्ती प्रत्यक्षात अमलात यावी. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या १०९व्या नियमान्वये मान्यताप्राप्त कारखान्यातूनच असे टायर बाहेर पडतात आणि त्यांवर तशी खूण असते. दुसरी, पुढच्या चाकांवर रिमोल्ड नको. पुढचा टायर फुटला की सुकाणू हातात राहत नाही. म्हणूनच अमेरिकेत बसच्या पुढील चाकांना ही मनाई आहे. आपण ती मालमोटारींनाही लावावी. जाणते मालक हा संकेत आजही पाळतात. तिसरी, टोलनाक्यावर केवळ पैसे न मोजता वजन आणि हवाही मोजली जावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जादा भाराबद्दल २०१९च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठरला आहे, आणि वाहन चालवणाऱ्याइतकाच ते चालवावयास लावणाराही कायद्याने त्यास पात्र आहे. तरीही पकडला जातो तो बहुधा चालक. टायर त्याने विकत घेतलेला नसतो, माल त्याने चढवलेला नसतो, आणि नकार दिला तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. स्टिअरिंगमागे बसून पहिला धक्का मात्र त्यालाच सोसावा लागतो.

देशात २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्या साऱ्यांचे कारण टायर नव्हते. पण ज्यांचे होते, त्यांच्या बाबतीत तरी चौकशी टायरापाशी थांबू नये. तो कोणी विकत घेतला, रबर कोणी चढवले आणि त्यावर किती टन कोणी लादले, ही तीन नावे प्रत्येक पंचनाम्यात लिहिली गेली पाहिजेत. परिवहन खात्याने एवढा एक आदेश काढावा आणि तो कसोशीने पाळून घ्यावा.