दोन बोटे खाली

गेल्या महिन्यात कोटरा सुल्तानाबादेतील एका स्नेह्यांकडे आम्ही सहज गेलो होतो. चहा होतो न होतो तोच घरातील एका वादात आम्हांस पंच नेमण्यात आले. थोरल्या चिरंजिवांनी पहिल्या कमाईतून जुनी, पण धडधाकट मोटार घेतली आहे. तिच्या स्प्रिंगा कापून ती ‘दोन बोटे’ खाली आणावी, म्हणजे ती देखणी दिसेल आणि वळणावर रस्त्याला घट्ट धरून चालेल, असा त्यांचा मनोदय. वडिलांचा विरोध होता, पण तो रागाचा. कारणे त्यांना सांगता येत नव्हती. हा प्रश्न आमच्या इतर वाचकांच्याही घरी केव्हातरी उपस्थित होईल, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडीत आहोत.

प्रथम चिरंजिवांची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. मोटार वळताना तिचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो आणि हा सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ५५ सेंटिमीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर खाली आणला, तर तो भार शेकडा सातने घटतो. शर्यतीच्या मोटारी जमिनीला जवळजवळ पोट लावून धावतात, त्याचे एक कारण हेच. मात्र शर्यतीची वाट गुळगुळीत असते आणि मोटारीत चालकाखेरीज सहसा कोणी नसते, हे विसरून चालणार नाही.

आता खर्च. सर्वांत स्वस्त मार्ग मूळ स्प्रिंगेचा एखादा वेढा कापण्याचा. त्यात मिस्त्रीची मजुरी तेवढी द्यावी लागते. दुसरा मार्ग त्याच मोटारीसाठी मुद्दाम आखूड घडविलेल्या स्प्रिंगांचा. तो हजारांच्या घरात जातो. तिसरा, उंची कमी-अधिक करता येईल अशा स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या जोडसंचाचा. त्याचा आकडा लाखाच्या आसपास पोहोचू शकतो. चिरंजिवांची नजर अर्थातच पहिल्या मार्गावर होती, आणि खरा धोका तेथेच आहे.

स्प्रिंगेत सहा कामाचे वेढे असतील आणि त्यांतला एक कापला, तर ती केवळ आखूड होत नाही. तिचा ताठरपणा शेकडा वीसने वाढतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच ताठरपणाच्या मापाने घडविलेले असतात. ते नव्या उसळीला पुरे पडत नाहीत आणि लवकर थकतात. शिवाय मूळ स्प्रिंगेचे टोक आपल्या बैठकीत नेमके बसेल असे वळविलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. चाक खोल खड्ड्यात लोंबकळले, तर आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सरकण्याची भीती असते. चाकांचे कोनही बदलतात. ते पुन्हा जुळवून घेतले नाहीत, तर टायर आतल्या कडेने झिजू लागतात. म्हणजे मजुरीत वाचलेले पैसे टायरवाल्याकडे जातात.

रस्त्याचाही विचार करावयास हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. असा पसरट उंचवटा २.४ मीटर चाकांतराच्या मोटारीच्या पोटाखालची जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर जागा घेतो. बुटकी मोटारही त्यावरून सुखरूप जाईल. परंतु गल्लीबोळांतले सगळेच गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात. कोठे हातभर रुंदीचा उभा कट्टाच घातलेला असतो आणि तो आपली सगळी उंची वसूल करतो. रिकामी असताना १६५ मिलिमीटर मोकळीक असलेली मोटार माणसे व सामान घेऊन ४५ मिलिमीटर दबली, तर १२० उरतात. त्यांतून ४० कापून काढले की राहिले ८०. दहा सेंटिमीटरच्या कट्ट्यावर मग इंजिनाचे तेलपात्रच घासते. ते फुटल्याचे चालकाच्या ध्यानात आले नाही, तर तेलावाचून इंजिनच निकामी होते.

कायद्याचाही एक शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल अशा फेरफारास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. म्हणून बदल कोणताही असो, परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस आधी विचारावे, हे शहाणपणाचे.

एवढे सांगून आम्ही थांबलो. चिरंजीव म्हणाले, “काका, पण चाकावरची ती मोठी फट फार वाईट दिसते हो!” त्यावर आतापर्यंत वाती वळीत बसलेल्या आजी म्हणाल्या, “अरे, मी बसले की ती फट आपोआप भरते. आणि आणखी खाली नेलीस, तर मला गुडघे धरून उठावं लागेल. मग नागपूरच्या मुंजीला मला कोण नेणार?”

आमचे सारे गणित या दोन वाक्यांत आले होते. ती फट निर्मात्याच्या नजरचुकीने राहिलेली नसते. आजी, त्यांची वळकटी, फराळाचे डबे आणि बैतूलच्या वाटेवरचा एखादा अवचित खड्डा यांच्यासाठी ती राखून ठेवलेली जागा असते. रिकाम्या मोटारीचे रूप पाहून ती कापणे म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पाट उचलण्यासारखे आहे.

चिरंजिवांना आम्ही एवढेच सुचविले की, आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासावेत, चाकांचे कोन जुळवावेत आणि टायरांतील हवा नेमकी ठेवावी. जुनी मोटार वळणावर डुलते, त्याचे कारण पुष्कळदा यांतच सापडते. ते त्यांना पटलेसे दिसले. कापलेला वेढा पुन्हा जोडता येत नाही, न कापलेला केव्हाही कापता येतो, हेही आम्ही निघताना सांगून ठेवले. मुंज पुढल्या महिन्यात आहे. आजींची जागा खिडकीशी ठरली आहे.