शेवटी हरलेच ना!

31 ऑक्टोबर 2025 ची रात्र. जूचंद्रला मामांच्या घरी आम्ही पंधरा-सोळा जण टीव्हीसमोर. दिवाळी नुकतीच झालेली, डब्यात तळाशी चुरा झालेली शेव, ओटीवर रांगोळीचे रंग अजून पुरते पुसलेले नाहीत. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर प्रो कबड्डीची फायनल, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. संपली 31-28 वर. तीन गुणांनी आपण गेलो.

मामा उठले, रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "शेवटी हरलेच ना! मग दोन महिने बघितलं कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, आणि तेव्हा कोणी हसलं नव्हतं. त्यावर पुढे येतोच. आधी मामांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मामा, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे, तेव्हा रागावू नका. (रागावलात तरी लिहिणार आहेच :-))

मामा, 2024 च्या हंगामात हीच पलटण प्लेऑफमध्येही नव्हती. आदल्या वर्षीचा विजेता संघ, पण कर्णधार अस्लम इनामदार मधेच जखमी झाला आणि गाडी जी घसरली ती घसरलीच. तोच संघ वर्षभराने परत येतो, साखळीतल्या 18 पैकी 13 सामने जिंकतो, पहिल्या दोघांत येतो आणि फायनल तीन गुणांनी हरतो. यात "हरलेच ना" एवढंच दिसत असेल, तर आपण कबड्डी बघतच नाही, फक्त शेवटचा आकडा बघतो. त्यासाठी दोन महिने बसायची खरंच गरज नाही, सकाळी पेपर उघडला की झालं.

आता थोडं मागे जाऊ. 17 डिसेंबर 2022. आपल्यापासून तास-दीड तासावर, वरळीच्या डोममध्ये, पलटणची पहिलीच फायनल. समोर जयपूर पिंक पँथर्स. 33-29, चार गुणांनी हार. तेव्हाही हेच ऐकलं, "पुणेकरांना कप झेपत नाही". पण पुढे काय झालं? 1 मार्च 2024 ला हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून कप उचलला. आणि त्या संघात होतं कोण? अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. सगळे 2022 च्या हरलेल्या संघातले. ज्या पंकजच्या एका चढाईत हरियाणाचे चार गुण गेले आणि फायनल फिरली, तोही त्यांच्यातलाच.

यू मुंबाचंही तेच. 2014 ला पहिल्याच हंगामात, घरच्या प्रेक्षकांसमोर, वरळीलाच फायनल हरले, तीही 35-24 अशी दणकून. अनुप कुमारला कोणी काढलं नाही. पुढच्या वर्षी त्याच वरळीला, त्याच अनुपच्या हाताखाली 36-30 ने बंगळुरूला हरवून ते विजेते झाले. आणि 2014 चे विजेते जयपूरवाले? 2015 ला सेमीफायनलपर्यंतही पोचले नाहीत. कप म्हणजे पुढच्या वर्षीची हमी नव्हे, आणि हरलेली फायनल म्हणजे शेवट नव्हे, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, "अरे पण त्यांनी शादलूला आणला की! दोन कोटी पस्तीस लाख मोजून!" बरोबर. इराणचा मोहम्मदरेझा शादलू 2.35 कोटींना आला, आणि त्याने पकडी केल्या त्या जबरदस्तच. पण तो आला घरच्या पोरांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. त्याच वेळी ज्याला 2022 ला 1.38 कोटींना आणून कर्णधार केलं होतं, तो फजल अत्राचली दुसरीकडे गेला, आणि कर्णधारपद दिलं अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) अस्लमला. पैशावर चालणाऱ्या लीगमधल्या संघाला जे कळतं, ते वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला कळू नये?

एक हिशोब सांगतो, मला फार आवडतो. तेव्हाच्या नियमात विजयाला 5, बरोबरीला 3 आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर 1 गुण मिळायचा. 2023-24 ला पलटण 96 गुणांसह अव्वल होती. 17 विजयांचे 85, तीन बरोबऱ्यांचे 9, झाले 94. वरचे दोन? ते दोन पराभवांचे! अख्ख्या साखळीत दोनदाच हरले, आणि दोन्ही वेळा झुंजून. हरतानाची झुंज मोजायची रीत या लीगमध्ये होती. 2025 पासून ती गेली. आता जिंकलात तर 2, हरलात तर भोपळा. सोपं झालं म्हणतात. सोपं झालं खरं, पण मामांसारखं झालं.

याचा अर्थ प्रत्येक पराभवाला हार घाला असं मी म्हणत नाही. 2014 आणि 2015, दोन्ही वर्षं पलटण तळाला होती. त्याचं कौतुक कोणी करावं? पण 2016 ला मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली तोच संघ तिसरा आला, तेव्हा कौतुक करायला हवं होतं. माझं मोजमाप साधं आहे. गेल्या वर्षी कुठे होतात, यंदा कुठे आहात, आणि पुढच्या वर्षी हीच पोरं मैदानात असणार आहेत का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपण तोच विचारत नाही.

आता ते वाक्य मी आधी कुठे ऐकलं ते सांगतो.

आपल्याच तालुक्यातलं एक मंडळ, नाव घेत नाही. माझ्या मावसभावाचा मुलगा त्यात उजवा कोपरा सांभाळायचा. एका वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर. दुसऱ्या वर्षी उपांत्यपूर्व फेरी. तिसऱ्या वर्षी फायनल, हरले दोन गुणांनी. सातही पोरं गावची. कोणी कंपनीत शिफ्ट करणारा, कोणी बारावीतला. दिवसभराचं काम आटपून रात्री हॅलोजनखाली मातीत सराव करायचे. फायनलनंतर मंडळाची बैठक झाली आणि तिथे कोणीतरी म्हणालं, "शेवटी हरलेच ना!" झालं. पुढच्या हंगामात बाहेरून पाच खेळाडू आणले, सामन्यामागे पैसे देऊन. गावची पाच पोरं बाकावर.

त्या वर्षी कप आला, हे खोटं नाही. मिरवणूक निघाली, डीजे लागला. त्याच्या पुढच्या वर्षी बाहेरचे पाच जण जास्त पैसे देणाऱ्या मंडळाकडे गेले, आणि बाकावर बसलेल्या पोरांनी तोपर्यंत सराव सोडलेला. मंडळाला सात जण उभे करता आले नाहीत. त्या वर्षी नावच दिलं नाही. कप मात्र अजून कपाटात आहे, मी बघितला.

मामा, त्या बैठकीत तुम्ही होतात. ते वाक्य तुमचं होतं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही गप्प बसलात हे मला माहीत आहे. पोराने मला स्वतः सांगितलं. म्हणाला, "काका, हरलो याचं काही वाटलं नाही. पण तीन वर्षांत आम्ही कुठून कुठे आलो, हे एकानेही विचारलं नाही."

आपलं गाव रांगोळीचं. जूचंद्रचे कलाकार जमिनीवर माणसाचा चेहरा असा उभा करतात की बाहेरून आलेला माणूस वाकून बघतो, फोटो तर नाही ना म्हणून. पण तो माणूस येतो डोळे काढून झाल्यावर. आधी तासन् तास बसून पार्श्वभूमी भरलेली असते, सावल्या दिलेल्या असतात, तेव्हा चेहरा ओळखूसुद्धा येत नसतो. त्या वेळी आपल्या गावात कोणी म्हणतं का, "अजून डोळे नाहीत, पुसून टाका, बाहेरून दुसरा कलाकार आणा"? नाही म्हणत, कारण रांगोळी कशी होते हे आपण लहानपणापासून ओट्यावर बसून बघितलंय. मग संघ कसा होतो, हे बघायला काय हरकत आहे?

असो. लांबलं जरा. बाकीच्यांनी आपापल्या गावच्या मंडळात काय चाललंय ते बघावं, माझं सांगणं फक्त मामांना आहे. पुन्हा संघ उतरवायचं मंडळात चाललंय असं कानावर आलंय. त्या सातातले निदान चार-पाच जण अजून गावातच आहेत. उजवा कोपरावाला तर तुमच्या दोन घरं पलीकडेच राहतो, संध्याकाळी सातनंतर घरीच असतो. माझं ऐकणार नाही तो, मी विचारून बघितलं. तुम्ही स्वतः जाऊन विचारा, मामा.