सर्फ संगीत समुद्रातून आले नाही

सर्फ संगीताविषयी समाजमाध्यमांवर जे फिरत असते ते एका चित्रात मावते. कॅलिफोर्नियाचा किनारा, लाटांवर स्वार झालेली सोनेरी केसांची मुले, आणि त्या लाटांचा आवाज आपसूक गिटारीवर उतरलेला. चित्र देखणे आहे. माझ्या मते ते बव्हंशी चुकीचे आहे, आणि या धाग्यात मी ते का चुकीचे आहे हे मांडणार आहे. धागा लांब आहे. पार्श्वभूमीला 'मिसिरलू' लावून वाचलात तर अधिक बरे.

'मिसिरलू' तुम्ही ऐकलेले आहेच, नाव ठाऊक नसले तरी. १९९४ च्या 'पल्प फिक्शन' चित्रपटाची श्रेयनामावली सुरू होताना जी गिटार अंगावर येते, ती हीच. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या गटाने 'पंप इट' या गाण्यात तीच धून वापरली. (त्याच अल्बममधील दुसऱ्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजींची धून आहे. उचलेगिरी म्हणा की दाद म्हणा, त्या गटाचे कान चौफेर होते एवढे खरे.)

ही धून सर्फ संगीताची ओळख मानली जाते. आता तिचे मूळ पाहा. ते पूर्व भूमध्य सागराच्या परिसरात आहे. ग्रीक रेबेतिको गायकांनी ती गायिली. तिचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १९२७ चे, थिओडोटस डिमिट्रिआडिस या गायकाचे. 'मिसिरलू' म्हणजे इजिप्तची स्त्री. मूळ तुर्की शब्द 'मिसिरली', आणि त्यामागे अरबी 'मिस्र'. मराठी बायबलात इजिप्तला 'मिसर देश' म्हटले आहे, ते हेच नाव.

आपल्या कानाला ही धून परकी वाटत नाही, याला कारण आहे. तिच्या स्वरसप्तकात रिषभ आणि धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध, म्हणजे आपल्या भैरव थाटाचे स्वर. अर्थात स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही. भैरवातील आंदोलित रिषभाचा ठेहराव या धावत्या गिटारीत शोधू नये. पण अरबी-तुर्की परंपरेत ज्याला 'हिजाझकार' म्हणतात त्या स्वररचनेचे हे अपत्य आहे, आणि पॅसिफिक महासागराशी त्याचे जन्मतः काहीही नाते नाही.

मग ते कॅलिफोर्नियात कसे पोहोचले? एका स्थलांतरित कुटुंबाच्या सामानातून.

ज्याला जग डिक डेल म्हणते त्याचे जन्मनाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बॉस्टन. वडिलांचे घराणे लेबनॉनचे, आईचे पूर्व युरोपातील. घरात अरबी संगीत होते. काका ऊद वाजवत आणि पेल्याच्या आकाराचे 'तारबाकी' हे तालवाद्यही. मुलगा आधी ताल शिकला, तंतुवाद्य नंतर. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे गिटारीच्या एकाच तारेवर त्याचा नखीचा हात ज्या वेगाने खालीवर धावतो, तो वेग या तालातून आला असे तो स्वतःच सांगत असे. ऊद वाजवणारेही तारेवर असाच अखंड झणत्कार काढतात. शिवाय तो डावखुरा होता. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार त्याने तशीच उलटी धरली, तारांचा क्रम बदलला नाही, आणि आयुष्यभर तशीच वाजवली.

हे कुटुंब १९५४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आले ते समुद्रासाठी नव्हे. वडील यंत्रकारागीर होते आणि त्यांना ह्यूज एअरक्राफ्ट या विमानकंपनीत काम मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या शीतयुद्धात सरकारी संरक्षण-कंत्राटांचा पैसा या भागात अक्षरशः ओतला गेला. कारखाने आले, कामगार आले, त्यांच्या वसाहती आल्या, आणि त्या वसाहतींतील मुलांच्या खिशात प्रथमच गिटार विकत घेण्याइतके पैसे खुळखुळू लागले. सर्फ संगीताची भूमी कोणती असे कोणी विचारले तर मी आधी या वसाहतींकडे बोट दाखवीन. वाळू नंतर.

आता यंत्रांकडे वळू, कारण हा भाग मला सर्वांत प्रिय आहे आणि लोकप्रिय कथनात त्याला सर्वांत कमी जागा मिळते.

लिओ फेंडर हा ऑरेंज काउंटीचा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचे, व्यवसाय रेडिओदुरुस्तीचा. फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्याने दुकान थाटले. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध विद्युत गिटार, स्ट्रॅटोकॅस्टर, त्याच्या कारखान्यातून १९५४ मध्ये बाहेर पडली. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नसे. म्हणून तो वादकांना बोलावून घेई, वाजवायला लावी, त्यांच्या तक्रारी ऐके आणि पुन्हा डाग द्यायला बसे. त्याच्या हाताशी फ्रेडी टवारेस नावाचा अभियंता होता. हा मूळचा हवाई बेटांतील माऊईचा आणि स्टील गिटारीचा कसलेला वादक. म्हणजे सर्फिंगची जन्मभूमी असलेल्या हवाईचा एक खरा धागा या संगीतात आहे, पण तो किनाऱ्यावर शोधून सापडत नाही. तो फुलर्टनच्या कार्यशाळेत सापडतो.

१९६१ च्या उन्हाळ्यात डिक डेल बॅल्बोआच्या रँदेव्हू बॉलरूममध्ये वाजवू लागला. १९२८ मध्ये उघडलेले, मोठ्या वाद्यवृंदांच्या जमान्यातले हे प्रचंड नृत्यगृह तोवर ओस पडत चालले होते. परवानगी सहज मिळाली नाही. रॉक संगीत म्हणजे पोरे बिघडणार, ही पालकांची भीती. तडजोड अशी निघाली की मुलांनी गळ्यात टाय बांधून यावे. लवकरच तिथे हजारोंनी तरुण लोटू लागले. त्यांत सर्फिंग करणारी मुले पुष्कळ होती, आणि या संगीताला 'सर्फ' हे विशेषण चिकटले ते या श्रोत्यांमुळे.

हजारो नाचणारे देह आवाज शोषून घेतात. लहान खोलीत कान फाडणारा ॲम्प्लिफायर अशा सभागृहात केविलवाणा होतो. डेलच्या तारा जाड आणि हात जड. त्याने फेंडरचे एकामागून एक ॲम्प्लिफायर जाळले. आकडा तो स्वतः पन्नासच्या घरात सांगे. त्यात रंगवलेला भाग किती असेल ते असो, पण परिणाम खरा आहे. फेंडर आणि टवारेस यांनी अधिक ताकदीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि जेबीएल कंपनीचा १५ इंची स्पीकर असलेला 'शोमन' ॲम्प्लिफायर सिद्ध केला. वादक मोडतो, कारागीर घडवतो, वादक पुन्हा मोडतो, या चक्रातून तो आवाज जन्मला. मोठ्या मैदानी कार्यक्रमांत पुढे जो दणदणाट सर्वमान्य झाला त्याचे एक मूळ इथे आहे.

पण ज्याला आपण 'ओला' आवाज म्हणतो तो कुठून आला? तो शोमनमधून आलेला नाही. तो स्प्रिंगेतून आला.

शाळेच्या विज्ञानात ज्याला 'निनाद' म्हणतात तो आठवा. मोठ्या वास्तूत आवाज भिंतींवर आपटत रेंगाळतो. तसा निनाद छोट्या खोलीत कसा आणावा? बेल प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या दूरध्वनीतील विलंब अभ्यासण्यासाठी स्प्रिंगा वापरल्या जात. हॅमंड या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने ती युक्ती उचलली, कारण घरच्या दिवाणखान्यात ऑर्गन वाजवणाऱ्याला चर्चचा घुमारा हवा होता. फेंडरने त्याच हॅमंडच्या स्प्रिंगा एका वेगळ्या पेटीत बसवून १९६१ मध्ये ती गिटारवादकांसाठी बाजारात आणली. गिटारीचा विद्युत संकेत स्प्रिंगेचे एक टोक थरथरवतो, ती थरथर पुढेमागे आपटत राहते, आणि दुसऱ्या टोकाला तिचा पुन्हा विद्युत संकेत होतो. स्प्रिंगेतून उंच आणि खालचे स्वर सारख्या वेगाने जात नाहीत. म्हणून तार दाबून जोरात छेडली की 'टप्' असा, थेंब पडल्यासारखा आवाज येतो. पेटीला चुकून लाथ लागली तर गडगडाट होतो. या पेटीला वादक 'टँक' म्हणतात. तिच्यात पाण्याचा टिपूसही नसतो.

दूरध्वनीच्या तारा, चर्चचा घुमट, ऑर्गनचा कारखाना. समुद्र या वंशावळीत कुठेच नाही. डेलच्या सांगण्याप्रमाणे त्याला निनाद हवा होता तोही गिटारीसाठी नाही, स्वतःच्या कोरड्या गळ्यासाठी. त्याचे १९६१ चे 'लेट्स गो ट्रिपिन', ज्याला अनेकजण पहिली सर्फ तबकडी मानतात, या पेटीविना मुद्रित झाले आहे. म्हणजे 'सर्फ' हे नाव आधी रुजले आणि 'ओलेपणा' नंतर आला. पण आज आपण उलटा क्रम गृहीत धरतो, जणू लाट ऐकली आणि आवाज सुचला.

नावांचीही तीच गत. सँटा ॲनाच्या शाळकरी मुलांनी, शँटेज या गटाने, एक धून रचली आणि एका पाश्चिमात्य धाटणीच्या चित्रपटावरून तिचे नाव ठेवले 'लिबर्टीज व्हिप'. पुढे त्यांनी सर्फिंगचा एक चित्रपट पाहिला, त्यात हवाईतील 'पाइपलाइन' ही सुप्रसिद्ध लाट होती, आणि नाव बदलले. तीच ही १९६३ ची गाजलेली 'पाइपलाइन'. एकही स्वर न बदलता घोडेस्वाराची धून लाटेची झाली! सर्फारीज या गटाचे 'वाइप आउट' तर समुद्रापासून चांगलेच आत असलेल्या कुकामोंगा गावात मुद्रित झाले. त्याच्या आरंभी सर्फबोर्ड मोडल्याचा जो आवाज आहे तो स्टुडिओत मोडलेल्या लाकडी फळीचा. 'बाहा' गाजवणारे ॲस्ट्रोनॉट्स कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातले, आणि 'सर्फिन बर्ड'वाले ट्रॅशमेन मिनिआपोलिसचे. तिथून कोणताही महासागर गाठायचा तर दीड-दोन हजार किलोमीटर!

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. डेल स्वतः सर्फर होता आणि लाटेवर असताना अंगात जे संचारते ते गिटारीवर आणायचा माझा प्रयत्न आहे, असे तो म्हणत असे. त्याच्या शब्दावर मी अविश्वास दाखवत नाही. कलावंताची प्रेरणा हा पुरावाच आहे, पण तो प्रेरणेचा पुरावा आहे, साधनांचा नाही. एकाच तारेवर ही धून वाजवण्याची कल्पनाही, त्याच्याच कथनानुसार, एका छोट्या चाहत्याच्या आव्हानातून आली आणि तेव्हा त्याला आठवला तो काकांचा ऊद. समुद्राने या संगीताला श्रोते दिले, नाव दिले, तबकड्यांच्या वेष्टनावरचे छायाचित्र दिले. हे थोडे नाही. पण हात लेबनॉनचा होता आणि घुमारा कारखान्याचा.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. कारण त्या देखण्या चित्रातून काही माणसे वगळली गेली आहेत. मन्सूरचा डेल झाला, तेव्हा अरबी नाव पुसले गेले. बीच बॉइजनी १९६३ च्या 'सर्फिन यू.एस.ए.' अल्बममध्ये 'मिसिरलू'ही वाजवले आहे, आणि अल्बमच्या शीर्षकगीताची चाल चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंताच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची होती. त्याला श्रेय नंतर द्यावे लागले. त्या गटात सर्फिंग करणारा एकटा डेनिस विल्सन, पण जगाच्या स्मृतीत सर्फ संगीत म्हणजे बीच बॉइज.

आणि तो किनारा? या मुलांच्या गावांपासून जवळच्या मॅनहॅटन बीच येथे ब्रूस या कृष्णवर्णीय कुटुंबाचे समुद्रस्नानगृह होते. १९२० च्या दशकात नगरप्रशासनाने उद्यानाच्या सबबीखाली ती जमीन काढून घेतली. ती वारसांना परत मिळाली २०२२ मध्ये. वेष्टनावरच्या छायाचित्रांत सारे चेहरे गोरे का दिसतात, याचे उत्तर अशा कागदपत्रांत आहे.

बाकी कथा थोडक्यात. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकले आणि तरुणांचे कान गाण्याकडे, गायकांकडे वळले. १९६५ च्या जानेवारीत लिओने आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. १९६६ मध्ये रँदेव्हू बॉलरूम जळून खाक झाले. डेल २०१९ मध्ये वारला, आजारी शरीराने जवळजवळ अखेरपर्यंत दौरे करत.

ज्यांना स्वतःच्या कानांनी पडताळायचे आहे त्यांनी ऐकण्याचा हा क्रम धरावा. प्रथम डिमिट्रिआडिसचे १९२७ चे 'मिसिरलू', संथ आणि मानवी कंठातले. मग डेलचे 'लेट्स गो ट्रिपिन', कोरडे ठणठणीत. त्यानंतर डेलचे 'मिसिरलू'. शेवटी शँटेजचे 'पाइपलाइन', हेडफोन लावून, आणि पहिल्या काही सेकंदांत खाली उतरत जाणाऱ्या त्या दाबलेल्या स्वरांमागची स्प्रिंग ऐकू येते का ते पाहावे.