समास ज्याचा त्याचा?

कोड लिहिताना ओळ किती आत घ्यावी, ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे, असे प्रोग्रामर मंडळी म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. आपल्या खाजगी फाइलीत एडिटर हवा तसा वळवावा. परंतु सामायिक फाइल म्हणजे कोणाचे परसदार नव्हे. पोलादपूरच्या उतारावर शेजाऱ्याच्या खाचराचा बांध हातभर सरकवणाऱ्याला आपण रसिक म्हणत नाही! पायथनमध्ये तर ओळ आत की बाहेर, यावरच ती लूपमध्ये चालणार की नाही हे ठरते.

महाडला बसून मीही एकदा सहकाऱ्याची फाइल माझ्या नियमाने ‘नीट’ केली. दुरुस्ती एका ओळीची. बदलांच्या नोंदीत चढल्या ६०० ओळी, आणि त्या गर्दीत माझी चूक कोणालाच दिसली नाही.

पायथनचा २००१ चा संकेत ४ स्पेस सांगतो, लिनक्स कर्नल ८ रुंदीचा टॅब. कामे दोन्हीकडे उत्तम चालली आहेत. तेव्हा श्रेष्ठ कोणता, हा वाद सोडा. नियम सर्वांच्या संमतीने प्रकल्पाच्या एडिटरकॉन्फिग फाइलीत लिहा आणि तोच पाळा. हद्दीचा दगड चारचौघांसमोरच रोवायचा असतो.