झुंजार कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

घरातल्या पुस्तकांची यादी करायला बसलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "एवढी सगळी वाचलीत?" आणि दुसरा, "यादी कशाला? पुढे कोण बघणार आहे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, वाचली, काही तर तीन-तीनदा. दुसऱ्याचं उत्तर देता देता गेल्या आठवड्यात भाच्याशी थोडं वाजलं, म्हणून म्हटलं इथे सविस्तरच लिहावं.

तर मंडळी, माझ्याकडे आजमितीला १३४० रहस्यकथा आहेत. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर ही ठळक नावं, आणि त्यांच्या मागे अशी कितीतरी नावं की जी आज कुणाच्या तोंडी नाहीत. बहुतेक पुस्तकं खिशात मावणारी, शंभर-सव्वाशे पानांची, पिनांनी टाचलेली. त्या पिना गंजल्यात. आमच्या गव्हाणला खाडीचा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे कागद कधी पूर्ण कोरडा म्हणून होत नाही. बांधणीतली खळ कसरीला फार आवडते. दर वर्षी पावसाळ्यानंतर चार-पाच पुस्तकं अशी निघतात की उघडली तर पानाऐवजी हातात चुरा येतो. म्हणजे मी यादी करते आहे ती पुस्तकं असण्याची नाही, ती नाहीशी होण्याची आहे असंही म्हणता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की मराठी रहस्यकथांची नीट सूची व्हायला हवी, आणि ती विद्यापीठं करतील अशी वाट बघण्यात अर्थ नाही. ज्यांच्या कपाटात, माळ्यावर, गादीखाली ही पुस्तकं आहेत त्यांनीच ती करावी.

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ज्यांनी हाताळली असेल त्यांना कळेल मी काय म्हणते. एका माणसाने ग्रंथालयं पालथी घालून १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी छापील पुस्तकांची नोंद केली, मग दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५०. या कामापुढे आपण काय बोलावं? पण दात्यांचं काम १९५० ला थांबतं, आणि रहस्यकथांचा खरा पूर त्यानंतरचा. महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या माला, एस. टी. स्टँडवरचे स्टॉल, दोन पैसे रोजाने पुस्तक देणाऱ्या गल्लीतल्या लायब्र्या, हे सगळं त्याच्या पुढचं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पण ज्या प्रकाशकाचं सारं बिऱ्हाड एका खोलीत, तो प्रत पाठवायला टपाल हशील कुठून काढणार? पुष्कळ पुस्तकं तिथवर पोचलीच नसावीत असा माझा कयास आहे.

अर्नाळकरांचंच बघा. त्यांनी किती पुस्तकं लिहिली? कुणी हजारावर म्हणतं, कुणी दीड हजाराच्या जवळ नेतं. गुरुनाथ नाईक २०२१ साली गेले, तेव्हा बातम्यांमध्ये त्यांच्या बाराशेवर कादंबऱ्या असल्याचं आलं. आकड्याचं कौतुक सगळ्यांना, पण हजारापैकी शंभर नावं सांगा म्हटलं तर पंचाईत. उर्दूत इब्ने सफींचे वाचक बघा. 'जासूसी दुनिया'चे १२५ अंक आणि इम्रान मालिकेचे १२०, कुठल्या क्रमांकाला कुठली कादंबरी हे ते घडाघडा सांगतात. आपण आपल्या लेखकांना वजनावर मोजलं.

आता प्रत्यक्ष यादीबद्दल. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे यातल्या निम्म्या पुस्तकांवर साल छापलेलं नाही. आणि इथेच मला या कामाची गोडी लागली, कारण पुस्तकाचं साल शोधायचं म्हणजे स्वतःच धनंजय व्हायचं. (छोटूचं काम भाचा करतो. एक्सेलमध्ये भरतो आणि मध्ये मध्ये चहा मागतो.)

पहिला पुरावा किंमत. बारा आणे, सव्वा रुपया अशी असली तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' असं छापलेलं असेल तर आणखी सोपं, १९५७ ते १९६४ मध्येच ते असायचं, कारण १९६४ च्या जूनमध्ये 'नवे' हा शब्द सरकारने काढून टाकला. दुसरा पुरावा पत्ता. 'मुंबई ४' म्हणजे गिरगावचा जुना टपाल विभाग. त्याच पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिन कोड तेव्हा सुरू झाला. मात्र पिन नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, जुने ठसे वर्षानुवर्षं वापरणारे छापखाने होतेच.

तिसरा पुरावा माझ्या धंद्यातला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां' अशी पानं भरलेली दिसली की समजावं, खिळे नियमांच्या आधी जुळलेत, किंवा जुळारी माझ्या मुख्याध्यापकांच्या पिढीतला आहे. शाळेत हे नियम शिकवताना मुलं विचारायची, बाई, याचा उपयोग काय? आज त्या मुलांना बोलवून दाखवावंसं वाटतं.

गंमत पुनर्मुद्रणांत येते. एका पुस्तकाच्या वेष्टनावर तीन रुपये किंमत, चित्रातल्या नायकाची पँट बेलबॉटम, आणि आत उघडावं तर पानोपानी 'कांहीं' आणि टॅक्सीचं भाडं आण्यांत. आतलं शरीर पंचावनचं, अंगावरचा सदरा पंचाहत्तरचा. आणखी एक वैताग म्हणजे एकच गोष्ट दोन नावांनी. माझ्याकडे अशा सतरा जोड्या सापडल्या. दुसरं नाव बघून वाचकाने पुन्हा पैसे मोजावेत ही युक्ती. पस्तिसाव्या पानावर लक्षात येतं की अरे, ही बाई तर आपल्या माहितीतली आहे आणि हिचा खून दिवाणखान्यात होणार आहे! आणि मूळ इंग्रजी लेखकाचं नाव गाळणं ही तर रीतच होती. कॉनन डॉयलची १८९१ ची लाल केसवाल्यांच्या मंडळाची गोष्ट मला एका पुस्तकात घाऱ्या डोळ्यांच्या कारकुनांची होऊन भेटली. मला राग नाही आला. चाळीचं वर्णन त्याने इतकं झकास केलंय की ते डॉयलला जमलं नसतं.

वर्गीकरणावर मात्र माझं मत ठाम आहे. ग्रंथालयाच्या दशांश पद्धतीत मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा एकच क्रमांक. त्यात खांडेकरही आले आणि काळापहाडही. मग आडनावानुसार लावायचं. पण लायब्रीत येणारा माणूस आडनाव विचारायचा का? तो विचारायचा, "नवा झुंजार आला का?" कॅप्टन दीप आहे का, गोलंदाज आहे का, बॅरिस्टर अमर विश्वास परत आलाय का. म्हणून माझ्या यादीत पहिला रकाना नायकाचा आहे, लेखक दुसऱ्या रकान्यात. ज्यांना शास्त्र पाळायचंय त्यांनी पाळावं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा हेही एक सूत्र आहे, मी त्याच्या आधाराने चालले आहे.

नारायण धारपांचं काय करायचं हा वाद मात्र मिटला नाही. त्यांच्या समर्थांच्या कथा शोधकथा आहेत की भयकथा? रत्नाकर मतकरींच्या गूढकथा यात धराव्यात का? भाचा म्हणतो धरा, संख्या वाढेल. मी धरल्या नाहीत. ज्या गोष्टीत शेवटी माणसाने केलेला गुन्हा आहे आणि माणसाने लावलेला छडा आहे, तीच माझ्या यादीत. फास्टर फेणे या कसोटीला उतरतो, म्हणून तो आहे. भागवतांना झुंजारच्या शेजारी बसवलं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडो.

नाक मुरडणं हाच तर या सगळ्याचा मूळ आजार. शिरवळकर १९८२ ची 'दुनियादारी' लिहिणारे म्हणून २०१३ च्या सिनेमानंतर घरोघरी पोचले, चांगलंच झालं. पण त्यांच्या फिरोझ इराणीबद्दल विचारलं तर लोक असं हसतात की जणू ते त्यांचं उनाडपण होतं. पाठ्यपुस्तकातला धडा तीन दिवसांत न संपवणारी माझी मुलं रहस्यकथा एका रात्रीत संपवायची, कंदिलाच्या उजेडात. सलग शंभर पानं मराठी वाचायची सवय त्यांना या पुस्तकांनी लावली. पुढे त्यातले काही करारनामे वाचायला शिकले, सिडकोच्या नोटिसा वाचायला शिकले. वाचायचा दम आधी कुठेतरी कमवावा लागतो ना?

माझ्या यादीतली दोनशेवर पुस्तकं अशीच एका उठलेल्या गावाची आहेत. विमानतळासाठी आमच्या शेजारची दहा गावं हलली. घरं रिकामी होत होती तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवर पंख्याच्या पात्यांखाली ही पुस्तकं दिसली. किलोच्या भावाने घेतली. आता ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही होऊन गेलं. त्या पुस्तकांवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, देवघेवीच्या तारखा आहेत, आणि सात ठिकाणी पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलंय, 'खुनी मॅनेजर आहे'. असा वाचक गावोगाव असायचा. माझ्या यादीत शेरा म्हणून रकाना आहे, तिथे मी लिहिते, 'खुनी उघड'. भाच्याला हा वेडेपणा वाटतो. मला वाटतं, शिक्का, तारखा, पेन्सिल, हे सगळं नोंदवलंच पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही प्रतीत ते मिळणार नाही.

ॲलन ह्युबिन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९६७ साली रहस्यकथांच्या वाचकांसाठी 'द आर्मचेअर डिटेक्टिव्ह' हे नियतकालिक काढलं आणि १९७९ साली १७४९ ते १९७५ या काळातल्या इंग्रजी गुन्हेकथांची जाडजूड सूची प्रसिद्ध केली. नोकरीधंद्याचा माणूस, वाचनाच्या हौसेपायी. दाते काय आणि ह्युबिन काय, असली कामं एकट्यादुकट्याच्या हट्टातूनच होतात.

भाच्याचं म्हणणं, वाचनालयाला देऊन टाक, ते करतील यादी. एका वाचनालयाला विचारलं होतं. "रहस्यकथा नकोत हो बाई, जागा नाही, चरित्रं असतील तर द्या." त्यांचंही चूक नाही, पुस्तकं घेऊन ती गोणपाटात बांधून ठेवण्यापेक्षा सरळ नाही म्हणणं बरं. पण म्हणूनच मी म्हणते, देण्याआधी यादी. यादीशिवाय दिलेली पुस्तकं म्हणजे रद्दी, फक्त पत्ता बदललेली. यादी असली तर कुणा अभ्यासकाला, कुणा प्रकाशकाला विचारता येतं की तुमच्याकडे अमुक पुस्तक आहे ना, ते आम्हाला हवंय.

'स्कॅन करून टाक' असंही कुणी कुणी सुचवतं. जे आहे हेच ठाऊक नाही ते स्कॅन तरी कोण करणार, आणि कुठल्या नावाने शोधणार?

तेव्हा नातेवाईक मंडळींना आणि तुम्हा ब्लॉगकरांना एक विनंती. माळ्यावर असली पुस्तकं असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एका कागदावर इतकं लिहा: पुस्तकाचं नाव, लेखक, नायक, मालेचं नाव आणि क्रमांक, छापलेली किंमत, प्रकाशकाचा पत्ता जसा आहे तसा, आणि आत कुणी काही खरडलं असेल तर तेही. मुखपृष्ठावर मुळगावकर किंवा दलाल अशी सही दिसली तर ती जरूर लिहा. मालेतले क्रमांक मला फार महत्त्वाचे आहेत, कारण शेवटच्या पानावरच्या 'आगामी पुस्तके' या जाहिरातीतली ६२ नावं अशी आहेत की ती पुस्तकं खरोखर निघाली की नुसतीच जाहीर झाली, हे मला अजून लागलेलं नाही.

दोन खोकी अजून उघडायची आहेत. एकाच्या तळाशी वाळवीची माती दिसतेय, त्यामुळे उद्या सकाळी आधी तेच.