बाकीचा हिशेब

निवासी शाळांच्या स्मरणिकांत संगणक कक्षाच्या उद्घाटनाचे छायाचित्र हमखास असते. ते असायलाही हवे. ज्या घरांतून आपली मुले वसतिगृहात येतात, त्यांपैकी अनेक घरांत संगणक ही आजही परक्याच्या मालकीची वस्तू आहे. ती वस्तू मुलांच्या हाती यावी म्हणून देणगीदारांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी घेतलेले कष्ट नोंदवले गेलेच पाहिजेत. परंतु संगणक किती आले याचा हिशेब आपण जितक्या काटेकोरपणे ठेवतो, तितक्या काटेकोरपणे त्यांतून मुलांना काय समजले याचा हिशेब ठेवतो का, हा प्रश्नही अशाच प्रसंगी विचारला पाहिजे. या लेखात तो एका अगदी लहान चिन्हाच्या आधारे विचारायचा आहे.

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच % हे चिन्ह भेटते. त्याला मॉड्युलो म्हणतात. काम साधे आहे: एका संख्येला दुसरीने भागल्यावर जी बाकी उरते ती हे चिन्ह देते. म्हणून १७ % ५ चे उत्तर २. पुढे ‘संख्या सम की विषम’ हा प्रोग्रॅम येतो, तो फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवला जातो, चालवला जातो आणि त्यावर सही होते. इथवर सर्व सुरळीत असते. आता त्याच मुलाला संगणक बंद ठेवून विचारावे: ३ % ५ किती? पुष्कळ मुले शून्य म्हणतात, काही गोंधळून गप्प बसतात आणि काही ठामपणे सांगतात की उत्तरच नाही, कारण तीनला पाचाने भाग जात नाही.

हा दोष मुलांचा नाही. ‘भाग जात नाही’ हे आपण त्यांना प्राथमिक शाळेपासून शिकवलेले वाक्य आहे आणि ते अर्धेच आहे. तीन लाडू पाच मुलांत अख्खेच वाटायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला शून्य लाडू येतात आणि ताटात तीनही उरतात. भागाकार शून्य, बाकी तीन. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, हे सूत्र आपण सर्वांनी पाठ केले आहे. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हेही. पण ते ताळा पडताळण्यापुरते. बाकी म्हणजे गणित संपल्यावर कोपऱ्यात लिहायची उरलीसुरली गोष्ट, असाच संस्कार मनावर राहतो. दशांश अपूर्णांक आले की तीही दिसेनाशी होते. १७ भागिले ५ म्हणजे ३.४ झाले आणि ते २ कुठे गेले हे कोणी विचारत नाही. त्यात हेच चिन्ह मुलाने शेकडेवारीसाठी वापरलेले असते. त्याचा नवा अर्थ नीट न सांगता त्याच्यापुढे ठेवले, तर पाठांतराखेरीज त्याला दुसरा मार्ग उरत नाही.

माझे म्हणणे असे की संगणकाच्या तासाला प्रथम बाकी शिकवावी, चिन्ह नंतर. कारण प्रोग्रॅमिंगमध्ये बाकी हेच पुष्कळदा मुख्य उत्तर असते. जे काही फिरून फिरून येते, त्याचे गणित भागाकार सांगत नाही, बाकी सांगते. वसतिगृहातील वाढपाच्या पाळ्यांचे उदाहरण घ्या. सहा गट आहेत आणि रोज एका गटाची पाळी आहे. विसाव्या दिवशी कोणता गट? २० ला ६ ने भागले, बाकी २, म्हणून दुसरा गट. अठराव्या दिवशी मात्र बाकी शून्य येते, आणि शून्य क्रमांकाचा गट तर आपल्याकडे नाही! इथे खरे शिक्षण सुरू होते. सहाने भागल्यावर बाकी ० ते ५ असते, आपले गट १ ते ६ आहेत. म्हणून दिवसातून आधी एक वजा करावा, बाकी काढावी आणि मग एक मिळवावा. अठरातून एक गेले सतरा, सतराची बाकी पाच, त्यात एक मिळवून सहा, सहावा गट. हे स्वतःच्या हाताने कागदावर मांडलेले मूल पुढे कोणत्याही यादीत, कोणत्याही वेळापत्रकात फसणार नाही. केवळ सूत्र उतरवलेले मूल पहिल्याच शून्यापाशी अडेल.

दुसरे उदाहरण कॅलेंडरचे. २६ जानेवारी १९५० रोजी आपले संविधान अमलात आले, त्या दिवशी गुरुवार होता. पंचाहत्तर वर्षांनी, २६ जानेवारी २०२५ रोजी, कोणता वार आला असेल? मध्ये २७,३९४ दिवस गेले. पण तेवढी मोठी संख्या हाताळण्याचीही गरज नाही. ३६५ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे प्रत्येक वर्षी वार एकाने पुढे सरकतो. ७५ वर्षांचे ७५, आणि १९५२ पासून २०२४ पर्यंतच्या १९ लीप वर्षांचे १९, एकूण ९४. त्याला ७ ने भागून बाकी ३. गुरुवारपासून तीन दिवस पुढे म्हणजे रविवार. कॅलेंडर काढून पाहावे, तो रविवारच होता. सातवीतील मुलाला हे पाटीवर करता येते, आणि ते जमल्यावर त्याला जो आनंद होतो तो तयार उत्तर पडद्यावर पाहून होत नाही.

हा विचार बाहेरून आलेला नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात कुट्टकाची रीत दिली. तिचा प्रश्न असा: एखाद्या संख्येच्या केवळ बाक्या ठाऊक असतील, तर ती संख्या शोधता येईल काय? तीनने भागल्यावर दोन उरतात आणि पाचाने भागल्यावर तीन उरतात अशी सर्वांत लहान संख्या कोणती? आठ. त्यानंतरची तेवीस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकाचे प्रकरण आहे. आणि हा केवळ प्राचीन वैभवाचा विषय नाही. आपल्या ग्रंथालयातील कोणत्याही नव्या पुस्तकाच्या मागे तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक छापलेला असतो. त्याच्या अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी; तिला दहाने भागल्यास बाकी शून्य आली पाहिजे. एक अंक जरी चुकीचा लिहिला गेला, तरी बाकी शून्य येत नाही आणि चूक पकडली जाते. जिला आपण उरलीसुरली म्हणतो, तीच बाकी येथे पहारा देते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल: आता प्रोग्रॅम लिहिणारी यंत्रेच आली आहेत, मग मुलांनी बाकी काढत कशाला बसावे? त्याचे उत्तर याच चिन्हात आहे. घड्याळात दोन वाजले आहेत. पाच तासांपूर्वी किती वाजले होते? दोनातून पाच गेले, उणे तीन. आता −३ % १२ किती? पायथनमध्ये उत्तर ९ येते, आणि घड्याळातही तेव्हा नऊच वाजले होते. सी किंवा जावा या भाषांत मात्र उत्तर −३ येते, आणि उणे तीन वाजल्याचे कोणतेही घड्याळ दाखवत नाही. दोन्हींत यंत्र बिघडलेले नाही. −३ म्हणजे १२ गुणिले −१, अधिक ९, असे मांडता येते. १२ गुणिले ०, अधिक −३, असेही मांडता येते. एका भाषेच्या कर्त्यांनी पहिली मांडणी स्वीकारली, दुसऱ्यांनी दुसरी. यंत्र ओळ लिहून देईल, ती विनातक्रार चालेलही. पण आपल्या कामाला कोणती बाकी हवी, हे माणसानेच ओळखले पाहिजे. यंत्र जितके चपळ, तितका त्याचे उत्तर तपासणारा माणूस जाणता हवा.

दुसरा आक्षेप भाषेचा. पुढचे शिक्षण इंग्रजीत, मुलाखती इंग्रजीत, मग भाज्य, भाजक आणि बाकी हे शब्द कशासाठी? इंग्रजी शब्द शिकवलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. परंतु कल्पना प्रथम ज्या भाषेत मूल भांडते, वाटणी करते, हिशेब मागते त्या भाषेत रुजली पाहिजे. ‘बाकी’ हा शब्द त्याने किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतून ऐकलेला असतो. त्या शब्दावर मॉड्युलोची ओळख उभी राहिली तर ती टिकते. उलट केले तर त्याला दोन्ही शब्द येतात आणि कल्पना एकही येत नाही.

म्हणून पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि संस्थेच्या हितचिंतकांना एवढीच विनंती आहे. संगणक अवश्य द्यावेत. पण ज्यांचे पोट आज या विद्येवर चालते, त्यांनी वर्षातून काही तासही द्यावेत, आणि ते कागद-पेन्सिलीने सुरू करावेत. मुलांना कोष्टक करायला लावावे: ० पासून १२ पर्यंतच्या संख्या, प्रत्येकीला पाचाने भागून उरलेली बाकी. ० १ २ ३ ४, पुन्हा ० १ २ ३ ४ अशी ओळ त्यांच्या स्वतःच्या हातातून उमटू द्यावी. परीक्षेत उत्तराइतकेच गुण कारणाला द्यावेत. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला प्रमाणपत्र विचारण्याआधी विचारावे, ‘तीन भागिले पाच, बाकी किती आणि का?’

आधीच्या पिढ्यांना पाटीपर्यंत पोहोचण्यासाठी झगडावे लागले. आजच्या मुलांसमोर पडदा आहे. त्या पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेले उतरवून घेणारे हात तयार करायचे, की उत्तर असे का आले हे विचारणारी बुद्धी, याचा निर्णय कोणतीही देणगी करणार नाही. तो वर्गात, फळ्यापाशी, अशा लहान लहान प्रश्नांतूनच होणार आहे.