गुन्हेकथा आणि न्यायबुद्धी

गुन्ह्याच्या हकिकतीचे आकर्षण माणसाला पुरातन आहे. पूर्वी ती चावडीवर आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत भेटत असे. आता ती अनुबोधपटांच्या रूपाने, तीही फुकट, हातातील मोबाईलवर येऊन ठेपली आहे. तरुण मंडळी हे पट पाहतात म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो काय पाहावे याचा.

अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीची ‘फ्रंटलाइन’ ही मालिका आपले अनेक अनुबोधपट इंटरनेटवर विनामूल्य दाखवते. त्यांतील २०१० सालचा ‘डेथ बाय फायर’ आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सास राज्यातील कॉर्सिकाना गावी एका घराला आग लागून तीन चिमुकल्या बहिणी दगावल्या. बाप तेवढा वाचला. जमिनीवरील जळाल्याचे डाग आणि काचेवरील जाळीदार तडे पाहून तपासनिसांनी निर्वाळा दिला, की ज्वालाग्राही द्रव ओतूनच आग लावली गेली. बापाने आपल्याजवळ कबुली दिली, असे तुरुंगातील एका कैद्याने सांगितले. १९९२ मध्ये बापाला देहदंड सुनावण्यात आला. पुढे जाणकारांनी दाखवून दिले, की सारी खोली एकदम पेटली की असे डाग द्रवावाचूनही पडतात आणि तापलेल्या काचेवर पाणी पडले की तसे तडे जातात. एका तज्ज्ञाचा असा अहवाल अधिकाऱ्यांच्या हाती वेळेवर पडला होता. तरीही फेब्रुवारी २००४ मध्ये शिक्षा अमलात आली!

याउलट, एरॉल मॉरिस यांच्या १९८८ सालच्या ‘द थिन ब्लू लाइन’ने पोलिसाच्या हत्येच्या चुकीच्या आरोपाखाली बारा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाच्या १९८९ मधील सुटकेस हातभार लावला.

आपल्याकडे कोणास अटक झाल्याची वार्ता येताच मासळीबाजारापासून देवळाच्या सभामंडपापर्यंत त्याचा निवाडा होऊन जातो. जाळाशिवाय धूर निघत नाही, ही म्हण अशा वेळी हटकून जिभेवर येते. कॉर्सिकानात जाळ होताच. तो कोणी लावला, याचा शास्त्रशुद्ध पुरावा मात्र नव्हता.

रक्ताची थारोळी आणि आप्तांचा आक्रोश विकणारे पट फुकट मिळाले तरी महागच पडतात. पुराव्याची पारख शिकवणारे पट मात्र जरूर पाहावेत. उद्या आपल्यापैकीच कोणी साक्षीदार म्हणून न्यायालयात उभा राहील. डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव वा कल्पिलेले सांगू नये, एवढी शिकवण त्यास यांतून मिळाली, तरी त्यांवर घालवलेला वेळ सार्थकी लागला असे आम्ही मानू.